सातवा रुपया

उत्तम दाभाडे गेला हे मला त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "कुणी सांगितलं?" पलीकडून तो म्हणाला, "काका, मी शेजारीच बसलेलो होतो हो." दोन महिने होत आले, तरी त्या प्रश्नाची लाज काही जात नाही. तेहतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली की माणूस असा होऊन बसतो. कागद दाखवा, सही कुणाची, प्रत्यक्ष कुणी पाहिलं... मरणाची बातमीसुद्धा आधी तपासायची आणि मग रडायचं. आणि खरं सांगू का, उत्तमच्या बाबतीत संशय यायला कारणही होतं. एकदा या गृहस्थानं कचेरीत आजारपणाचा अर्ज पाठवला, आठ दिवस ठणठणीत घरी बसला आणि नवव्या दिवशी येऊन बघितलं, की आपल्या कपाटाला कुणी कुणी हात लावला. दोघांनी लावला होता. त्यातला एक मी होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि त्यानंतर आठवड्याभरानं उत्तमच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. "भावजी, यांच्या फायलीत तुमच्या नावाचा एक कागद निघालाय. मला त्यातलं काय समजंना. तुमी या." मी गेलो. कागद बघितला आणि ओळखला. तो अर्धसमास होता. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. कागद मधोमध उभा दुमडायचा, डाव्या अर्ध्यावर तपासणाऱ्यानं आपली शंका लिहायची आणि उजवा अर्धा कोरा सोडायचा, समोरच्यानं उत्तर लिहावं म्हणून. ग्रामपंचायती, बाजार समित्या, पतसंस्था... आम्ही दोघांनी मिळून असे हजारो कागद लिहिले असतील. हा एक माझ्यावर होता. त्यात त्यानं विचारलं होतं, की तुझ्या पणजोबांची लढाईच्या चंद्याची चोपडी तुझ्या ताब्यात आहे किंवा कसे. हाच प्रश्न त्यानं मला तीन वर्षांपूर्वी तोंडी विचारला होता आणि मी नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं. चोपडी माझ्या कपाटात, बायकोच्या शालूच्या खाली होती. कागद हातात घेतला तेव्हाही ती तिथंच होती, आणि विचारणारा गेलेला होता... हा लेख त्यासाठी आहे.

आम्ही नोकरीला एकाच महिन्यात लागलो. तो देवगाव रंगारीचा, मी सोयगावचा, आणि दोघंही शहरात नवे. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला नाव विचारलं. मी म्हणालो, रावसाहेब. मागून एक बारीक आवाज आला, "पदवी नको, नाव सांगा." तो उत्तम. तेव्हापासून त्यानं मला 'राव' एवढंच म्हटलं, आणि अर्धं नाव कापून घेतल्याचा आनंद त्याला शेवटपर्यंत होता. उंची बेताची, शर्ट नेहमी पांढरा, खिशात हिरवी आणि लाल अशा दोन पेन्सिली. जुळलं की हिरवी, अडलं की लाल. घरीदेखील तेच. किराण्याच्या यादीवर तो हिरव्या खुणा करायचा. डझनभर केळी घेतली तर गाडीवाल्यासमोर मोजायचा आणि घरी पोचल्यावर पुन्हा मोजायचा. मी एकदा म्हणालो, अरे, रस्त्यात कोण खाणार तुझी केळी? तर म्हणाला, "तू होतास ना बरोबर." त्याच्या या बोलण्याचा राग यावा की हसावं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

पण माणूस कामात वाघ होता. बाकीचे आम्ही हिशेबात फरक सापडला की खूश व्हायचो. उत्तमचं उलटं. फरक सापडला की तो निवांत बसायचा, चहा मागवायचा. ज्या संस्थेचा हिशेब पैशाला पैसा जुळायचा, तिथं त्याचा चेहरा उतरायचा. "राव, बेरीज लई सरळ आली की मला भीती वाटते. माणसं एवढी सरळ नसतात." कन्नड तालुक्यातल्या एका संस्थेत तीन वर्षांचा हिशेब असा चोख जुळला, की मी दप्तर बांधायला घेतलं. हा मात्र पावतीपुस्तकं हातात घेऊन नुसती चाळत बसला. तासाभरानं म्हणाला, "तीन वर्षं एकाच पेनानं लिहिलंय." एका रात्रीत बसून लिहिलेली पुस्तकं होती ती. तिथल्या सचिवाला त्या कोऱ्या उजव्या बाजूवर काय लिहावं सुचेना, तेव्हा त्यानं नेहमीचं वाक्य लिहिलं : मूळ अभिलेख उपलब्ध नाही. परत येताना एसटीत उत्तम मला समजावत होता, की नसलेल्या कागदाला माणूस नुसतं 'नाही' म्हणतो. 'उपलब्ध नाही' म्हणाला, की समजायचं, कुठंतरी हाय. तेव्हा आम्ही दोघं लई हसलो होतो.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर प्लॉटच्या व्यवहाराला. उत्तम लागला पहिल्या महायुद्धाच्या मागं. तेही लढाई नव्हे, लढाई संपल्यानंतरचा जमाखर्च. सुरुवात मिठापासून झाली. कुठल्या तरी व्याख्यानात त्यानं ऐकलं, की युद्ध संपल्यावर काही वर्षांनी इंग्रज सरकारनं मिठावरचा कर दुप्पट केला. कायदेमंडळ नको म्हणत होतं, तरी व्हाईसरॉयनं स्वतःच्या सहीनं करून टाकला. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माझ्या दारात. "लढाई जिंकलेली हाय, राव. जिंकलेल्या माणसाला मीठ महाग करायची वेळ का येते?" मला काय माहीत? मी म्हणालो, तू आधी चहा घे. चहा घेता घेता त्यानं मला जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे, कारण पुढची सात-आठ वर्षं तो तेच सांगत होता. लढाईसाठी हिंदुस्थाननं इंग्लंडला मोठी रक्कम भेट दिली, असं सरकारी कागदात लिहिलंय. भेट हाच शब्द. देणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, ती भेट कर्ज काढून दिलेली होती आणि त्या कर्जाचं व्याज इथली माणसं कितीतरी वर्षं भरत होती. पलटणी घरी गेल्या, तरी लष्कराचा खर्च घरी जाईना. मग पोस्टकार्ड पाव आण्याचं अर्धा आणा झालं. "म्हणजे बघ, आईनं लेकाला खुशाली कळवली तरी त्यातून लढाई फेडायची. आणि काटकसर म्हणलं की आधी चपराशी कमी." हे सगळं तो अशा चिडीनं सांगायचा, जणू काल बाजार समितीत घडलंय आणि उद्या आपल्याला तिथं तपासणीला जायचंय.

मी त्याला म्हणायचो, अरे, आपण तर निजामाच्या राज्यातले, इंग्रजाच्या बजेटाशी आपला काय संबंध? हा प्रश्न त्याला आवडायचा. "तोच तर संबंध शोधतोय. राज्य निजामाचं, लढाई इंग्रजाची, आणि चंदा भरला देवगाव-सोयगावानं. तो कुठं लिहिलाय?" त्यासाठी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो उर्दू शिकला. आमच्या शहरातल्या शहागंजात एका रद्दीवाल्या चाचाकडं जुनी दफ्तरं यायची. तिथं स्टुलावर बसून हा बोट ठेवून एकेक अक्षर लावायचा. चाचा मला म्हणाले, "साब, तुमारे दोस्त क्या ढूंडते? ये हिसाब तो कब का खतम हो गया." उत्तमनं मान वर न करता उत्तर दिलं, "खतम नाय हुआ चाचा. बंद किया है." चाचांनी त्याला अर्ध्या किमतीत बस्ते दिले, आणि घरी आणल्यावर त्यानं त्यातले कागद मोजून घेतले.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. एवढं सगळं सांगायचा, पण आपल्याला नेमकं काय सापडलंय ते सांगायचा नाही. लिहिलेलं प्रकरण दाखव म्हणालो, की फाईल बंद करायचा. "छापून आलं की वाच." मी पस्तीस वर्षांचा मित्र, आणि माझ्यावर ही पाळत? मीही मनात धरून बसलो. त्याच्या घरी तो खुर्चीवरून उठला की मीदेखील लांबूनच डोकावायचो, हा काय लिहितोय, कुणाविरुद्ध लिहितोय. आमची मैत्री अशी होती. जेवायला एका ताटात, आणि नजर एकमेकाच्या खिशावर.

मग तो दिवस आला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडं जेवायला बसलेला असताना त्यानं सहज विचारलं, "राव, तुझे पणजोबा मुलकी पाटील होते ना रे? लढाईचा चंदा गावात पाटीलच गोळा करायचे. त्याची चोपडी घरात असंल एखादी?" घास माझ्या हातातच राहिला. चोपडी होती. वडील गेले तेव्हा गावाकडचं जे काही वाटणीला आलं, त्यात लाल फडक्यात बांधलेली ती आली होती. मी ती एकदा उघडलीही होती. अक्षर मोडी, ते मला येत नाही, पण आकडे वाचता येतात, आणि आकडे दिसले की आमच्यासारख्याचा हात थांबत नाही. पानोपानची बेरीज केली. चोपडीच्या शेवटी तालुक्याच्या खजिन्याची भरणा पावती चिकटवलेली होती. दोन्ही आकडे शेजारी मांडले. गावातून गोळा केलेली रक्कम आणि खजिन्यात भरलेली रक्कम यांत फरक होता. थोडाथोडका नाही, सातवा हिस्सा आणि वर थोडं. दर सात रुपयांमागं एक गायब. एवढा ठरावीक फरक चुकीनं पडत नाही, हे मला उत्तमनंच शिकवलं होतं. म्हणजे आमच्या पणजोबांनी दलाली खाल्ली होती. लढाई संपून गेलेली, तरी वसुली चालूच, आणि त्या वसुलीत पाटलाचा वाटा. आमच्या घरात ज्यांच्या फोटोला दसऱ्याला हार घालतात, ते हे.

तर उत्तमनं विचारलं, आणि माझ्या डोक्यात एका क्षणात काय काय येऊन गेलं ते लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. मला वाटलं, याला आधीच सुगावा लागलाय. मला वाटलं, हा जेवायला आलाच मुळी यासाठी. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात जातही आली. एवढ्या वर्षांत जी आमच्या मध्ये कधी आली नाही असं मी लोकांना अभिमानानं सांगायचो, ती त्या घासाबरोबर घशाशी आली. गावकुसाबाहेरच्या याच्या पणज्याकडून माझ्या पणज्यासारख्यानंच वसूल केलं असणार, आता हा त्याचं उट्टं काढणार, पुस्तकात नाव घालणार... असं मला वाटलं. आणि मी म्हणालो, "तसलं काही उपलब्ध नाही रे घरात." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "बरं. भाजी चांगली झालीय." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही, पण मी अंतर ठेवलं. फोन कमी केले. तो यायचा म्हणाला की मी बाहेर भेटायचं ठरवायचो. शेवटची भेट शहागंजातच झाली, घड्याळाच्या मनोऱ्याच्या बाजूला एका हॉटेलात. तो वाळला होता. तरी त्यानं बिलाची बेरीज केलीच. मी विचारलं, पुस्तक कुठवर आलं? म्हणाला, "एका पावतीसाठी अडलंय." कुठली पावती ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उठताना म्हणाला, "राव, तुझ्या घरचा चहा पिऊन लई दिवस झाले." मला वाटलं, याला कपाट बघायचंय. मी म्हणालो, घरात रंगकाम चाललंय. "व्हय का," एवढंच म्हणाला आणि रिक्षात बसला. त्याला फक्त चहा हवा होता, हे मला आज कळतंय आणि त्याचा काही उपयोग नाही.

आता परत त्या कागदाकडं येतो. सुमनवहिनींनी तो माझ्यासमोर ठेवला, शेजारी त्याची ती बंद फाईलही ठेवली. कागदावर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती, बहुधा त्या जेवणानंतरच्या आठवड्यातली. जावक क्रमांकाची जागा कोरी. म्हणजे लिहिला, पण पाठवला नाही. तीन मुद्दे होते. एक, सदर चोपडी आपल्या ताब्यात आहे किंवा कसे. दोन, असल्यास तपासणीस उपलब्ध करून द्यावी. आणि तीन, चोपडीतील रकमा हालीत आहेत की कलदारात, ते पानावरील शब्द वाचून कळवावे.

तिसरा मुद्दा मी पुन्हा वाचला. हाली हे निजामाचं नाणं आणि कलदार इंग्रजाचं, एवढं मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आमच्याकडं खणखणीत माणसाला अजून कलदार म्हणतात. पण दोन्ही नाण्यांचा दर कसा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. फाईल उघडली. पहिल्याच पानावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : सात हाली म्हणजे सहा कलदार.

पुढं वाचत गेलो. त्याचं म्हणणं साधं होतं. चंद्याचा आकडा ठरायचा कलदारात, कारण लढाई इंग्रजाची. गावाकडं होती हाली. म्हणून सहा कलदार भरायला गावाला सात हाली मोजाव्या लागायच्या. सरकारी पुस्तकात सहाच दिसतात. वाचणारा म्हणतो, या गावानं सहा दिले. "सातवा रुपया माणसाच्या खिशातून गेला, पण तो कुठल्याच अंदाजपत्रकात नाही, ना दिल्लीच्या, ना हैदराबादच्या. लढाईची खरी किंमत त्या सातव्या रुपयात आहे." त्याच्या खाली अर्धं पान मोकळं सोडलेलं होतं आणि लाल पेन्सिलीनं एकच ओळ होती. पुरावा : गावची चोपडी व भरणा पावती, दोन्ही एकत्र. मिळाल्यास.

तेहतीस वर्षं मी हिशेब तपासले. आणि घरचा हिशेब तपासताना नुसते आकडे वाचले, आकड्यावरचा शब्द वाचलाच नाही. नवशिक्या कारकुनानं केली असती तर आम्ही दोघांनी मिळून झापली असती, अशी चूक. तो माझ्या पणजोबांच्या मागं नव्हताच. त्याला त्यांची साक्ष हवी होती. मी ती शालूखाली दाबून बसलो, कारण मला वाटलं हा चोर शोधतोय.

दुसऱ्या दिवशी मी चोपडी घेऊन त्याच्या सिडकोतल्या घरी गेलो. जाताना मोडी जाणणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांकडून पानांवरचे शब्द आणि नावं लावून, उतरवून घेतली होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'हाली' असं स्पष्ट होतं, आणि पावतीवर 'कलदार'. टेबलाशी बसून मी वहिनींना एकेक नाव वाचून दाखवू लागलो. प्रत्येकाच्या नावापुढं तेच : एक कलदाराबद्दल हाली एक रुपया दोन आणे आठ पै. दर बरोबर होता. पाटलानं दर घेतला तो रिवाजाचाच. माझा आवाज हळूहळू मोठा होत गेला असणार, कारण पणजोबा सुटत होते. मग मी थांबलो आणि चोपडी मिटायला लागलो.

वहिनी म्हणाल्या, "पान उरलंय की एक."

ते उरलंय हे मला माहीत होतं. ते मी शिक्षकांकडंच वाचून आलो होतो. गावकुसाबाहेरच्या घरांची नावं शेवटी, वेगळ्या पानावर होती. अकरा घरं. त्यांच्या नावापुढं दोन आणे आठ पै नव्हते. एक कलदाराबद्दल हाली एक रुपया चार आणे, सगळ्यांना सारखं. सातव्या हिश्श्याच्या वरचं जे थोडं होतं, ते तिथलं होतं. ते ना इंग्रजानं घेतलं होतं, ना निजामानं. ते आमच्या घरात आलं होतं. आणि उत्तमच्या टेबलावर, त्याच्या बायकोसमोर बसून, तो गेल्यानंतरसुद्धा मी ते पान मिटवायला निघालो होतो. मला स्वतःची शिसारी आली.

वाचलं मी. अकराही नावं वाचली. वाचून झाल्यावर मी त्यांना विचारलं, की त्याला माझा संशय होता, तर त्यानं हा कागद मला दिला का नाही? तोंडावर मारायचा होता.

"संशय कसला," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडनं जेवून आले तवाच मला म्हणले, राव 'उपलब्ध नाही' म्हणला, म्हंजी चोपडी हाय. मी म्हणलं, मग कागद लिवलाय तर द्या की. तर म्हणले, दिला तर त्याला उत्तर लिहावं लागंल. तो खोटं लिहील. तोंडानं बोललेलं मी सोडून देतो, पण लिहिलेलं खोटं माझ्याच्यानं सोडवत नाही. मग मला मित्र राहायचा नाही."

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. ज्या माणसानं आयुष्यात कुणाची चार आण्याची पावती सोडली नाही, त्यानं सात-आठ वर्षांचं पुस्तक अडवून ठेवलं, माझ्या हातून एक खोटं वाक्य लिहिलं जाऊ नये म्हणून. आणि मी त्याला रंगकाम चाललंय म्हणून सांगितलं.

त्याच्याच पेनानं मी उजव्या बाजूला उत्तर लिहिलं. चोपडी माझ्या ताब्यात आहे, पहिल्यापासून होती. मी खोटं बोललो. तपासणीसाठी मूळ चोपडी पावतीसह हजर केली आहे. रकमा हालीत, भरणा कलदारात. शेवटच्या पानावर ज्यादा दर लावलेला आहे, तो आमच्या पणजोबांनी लावलेला आहे. खाली सही केली, तारीख घातली. माझे चुलतभाऊ हे वाचून माझ्याशी बोलणं टाकतील, त्यांनी खुशाल टाकावं. पुस्तक त्याचा मुलगा छापणार आहे, आणि ते मोकळं अर्धं पान कुणी लिहून भरणार नाही, तिथं चोपडीच्या पानांचे फोटो जातील, शेवटच्या पानासकट.

अर्धसमासाला उत्तर आलं, की तपासणारा ते वाचून डाव्या बाजूला खाली 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहितो. उत्तमनं त्यासाठी बोटभर जागा सोडलेली आहे. कागद अजून त्याच्या टेबलावरच आहे, वहिनी त्यावरची धूळ पुसून पुन्हा तिथंच ठेवतात. मी दर रविवारी चहाला जातो. गेल्यावर आधी ती जागा बघतो, आणि मग बसतो.